सिग्नलवर कॅमेरा लागला की धडका कमी होतात का? पिवळा दिवा, आकडे आणि चलन

पिवळा_दिवा (धागाकर्ता)

कॅमेऱ्यांवरची चर्चा दोन मिनिटांत चलनावर येते आणि तिथेच अडकते. दंड किती, आत्ता भरायचा की लोकअदालतीची वाट बघायची, वगैरे. त्यासाठी दुसरे धागे आहेत. इथे प्रश्न एवढाच: शहरातल्या रस्त्यावर स्वयंचलित कॅमेरा लागल्यावर कुठल्या धडका कमी होतात आणि कुठल्या वाढतात?

'कॅमेरा' म्हणताना आपण तीन वेगळी यंत्रं एकाच पोत्यात भरतो. पहिलं, सिग्नल तोडणाऱ्याला टिपणारं. दुसरं, एका जागी वेग मोजणारं. तिसरं, दोन खांबांमधल्या अंतरावर सरासरी वेग काढणारं. तिघांचे परिणाम वेगळे आहेत, त्यामुळे 'कॅमेऱ्याने अपघात घटतात' आणि 'घटत नाहीत' ही दोन्ही वाक्यं कुठल्या ना कुठल्या अभ्यासाच्या जोरावर ठोकून देता येतात.

वेगाच्या कॅमेऱ्यांबद्दलचा पुरावा बऱ्यापैकी एका दिशेचा आहे. २०१० च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही संशोधनांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) ३५ अभ्यास घेतले होते. कॅमेऱ्याच्या परिसरातले एकूण अपघात ८ ते ४९ टक्के कमी, आणि मृत्यू किंवा गंभीर इजा असलेले ११ ते ४४ टक्के कमी. पल्ला मोठा आहे, कारण अभ्यासांचा दर्जा आणि जागा दोन्ही भिन्न, पण उलट दिशेला जाणारं फारसं काही नाही. नॉर्वेत २०१४ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणात एका जागच्या कॅमेऱ्याने साधारण २० टक्के घट दिसली. सरासरी वेगाच्या पद्धतीने एकूण ३० टक्के, आणि गंभीर व प्राणघातक अपघातांत ५६ टक्के.

सिग्नलच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. अमेरिकेच्या संघराज्य महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या धडका, म्हणजे काटकोनात येऊन कुशीत घुसणाऱ्या, २४.६ टक्क्यांनी घटल्या. मागून आदळण्याचे प्रकार १४.९ टक्क्यांनी वाढले. मागून आदळून इजा झालेले तर २४ टक्क्यांनी.

---

चाकोरीबाहेर

म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. ह्यूस्टनचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे नोव्हेंबर २०१० मध्ये लोकांनी मतदान करून सिग्नलचे कॅमेरे बंद पाडले. कॅमेरे अपघात बघून लावले जातात आणि त्यामुळे तुलना नासते, ही नेहमीची अडचण इथे आली नाही, कारण बंद करायचा निर्णय मतपेटीतून आला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी ती आकडेवारी तपासली: आडव्या धडका २६ टक्के वाढल्या, बाकीच्या घटल्या. एकूण अपघात किंवा जखमी यांत कॅमेऱ्यामुळे फायदा होत होता असं काही सापडलं नाही.

मग हा दंडाचा गल्ला भरणं नाही तर काय?

---

गणित_मास्तर

दोन गोष्टी मिसळू नका. आडव्या धडकेत चारचाकीच्या दाराला बंपर लागतो, दुचाकीस्वाराच्या मांडीला लागतो. मागच्या धडकेत बहुतेकदा डिकी चेपते. त्यामुळे 'एकूण संख्या' हे माप इथे भोंगळ आहे. वर दिलेल्या २००५ च्या अभ्यासातही धडकांची किंमत पैशात काढल्यावर चौकामागे वर्षाला ३९ ते ५० हजार डॉलरचा फायदा निघाला होता. माफक, पण फायदाच.

आता आपल्याकडच्या आकड्यांविषयी. 'कॅमेरा लावण्याआधी वर्षाला अमुक, नंतर तमुक' अशी बातमी दिसली की आधी विचारा, जागा कशी निवडली? ज्या चौकात लागोपाठ वाईट वर्षं गेली तोच निवडला असेल, तर पुढच्या वर्षी काहीही न करता आकडा खाली येण्याची शक्यता दांडगी. वाईट वर्षात नशिबाचाही वाटा असतो.

एक काल्पनिक चौक घेऊन हिशोब करू. तीन वर्षांत इजा झालेले अपघात १२. तेवढीच वाहतूक आणि तशीच रचना असलेल्या इतर चौकांवरून अपेक्षित आकडा तीन वर्षांत ६. कॅमेरा लागल्यावर तीन वर्षांत ८. बातमी म्हणेल ३३ टक्के घट. पण खरा पाया १२ नाही आणि ६ सुद्धा नाही, मधे कुठेतरी आहे. एम्पिरिकल बेज पद्धत या चौकाचा आकडा आणि तशा चौकांचा अपेक्षित आकडा यांची वजन देऊन सरासरी काढते. त्यात अपेक्षित आकड्याचं वजन = १ ÷ (१ + विखुरणांक × अपेक्षित). विखुरणांक म्हणजे सारख्या चौकांचे आकडे एकमेकांपासून किती पसरतात त्याचं माप. विखुरणांक ०.४ धरला तर १ ÷ (१ + २.४) = ०.२९. पाया = ०.२९ × ६ + ०.७१ × १२, म्हणजे सुमारे १०.३. घट २२ टक्के. यातून अजून शहरातला सर्वसाधारण कल वजा करायचा आहे.

३३ चे २२ झाले तरी २२ हा चांगलाच आकडा आहे. फक्त तो खरा सांगावा.

---

पिवळा_दिवा

मास्तर, हे नेमकं झालं. त्यात आपल्याकडची एक भर. मागून आदळण्याचे किरकोळ प्रकार आपल्या पोलीस नोंदीत येतच नाहीत. बंपर तुटला की दोघं रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं हुज्जत घालतात आणि विमा कंपनीला फोटो पाठवून मोकळे होतात. म्हणजे सिग्नल-कॅमेऱ्याचा दुष्परिणाम नोंदीबाहेर राहतो आणि फायदा तेवढा नोंदीत येतो. इथल्या कुठल्याही आकडेवारीला ही पहिली चाळणी लावा.

चाकोरीबाहेर, मागच्या धडका का वाढतात ते पाहिलं की तुमच्या 'गल्ला' मुद्द्यालाही नीट धार येईल. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. पिवळा लागला. चालकाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद: १३.९ मीटर. मग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरवला तर आणखी ३२ मीटर. थांबायला एकूण ४६ मीटर लागले. पिवळा ३ सेकंदांचा असेल तर त्या वेळात गाडी जाते ४१.७ मीटर. आता जो पिवळा लागताना थांबरेषेपासून ४४ मीटरवर आहे त्याने काय करायचं? थांबला तर रेषेच्या पुढे, गेला तर लालमध्ये. त्याला कायदा पाळण्याची जागाच नाही. कॅमेरा नसताना तो जातो. कॅमेरा असला की ब्रेकवर उभा राहतो, आणि मागचा त्याच्यावर.

पिवळा ३.५ सेकंद करा. ४८.६ मीटर होतात. कोंडी संपली.

पिवळा किती सेकंद हवा याचा हिशोब सोपा: १ + वेग ÷ (२ × ३), वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ४० ला २.९ सेकंद, ५० ला ३.३, ६० ला ३.८. रस्ता ४ टक्के उताराचा असेल तर ५० ला ३.७. भरलेल्या बसला ३ चा दर झेपत नाही, उभे प्रवासी पडतात. २ धरला तर ५० ला ४.५ सेकंद. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सरसकट ३ ठेवतात, तो साधारण ताशी ४० चा आकडा आहे. रस्त्यावरचा खरा वेग रात्री अकरानंतर ४० असतो का, ते तुम्हीच सांगा.

शेवटी सर्व बाजू लाल ठेवण्याचा वेळ. २४ मीटर रुंद चौक, १२ मीटरची बस, ताशी ४०: ३६ ÷ ११.१ = ३.२ सेकंद. तो १ सेकंद ठेवला तर कॅमेरा असो वा नसो, बसचं शेपूट चौकात असतानाच आडव्या बाजूच्या दुचाक्या सुटतात.

---

चाकोरीबाहेर

मग गल्ला इथेच आहे. शिकागोत २०१४ साली महानिरीक्षकांनी (शहराच्या कारभाराची तपासणी करणारे अधिकारी) दाखवून दिलं होतं की पिवळा ३ सेकंदांपेक्षा किंचित कमी, २.९ भरला, अशा नोंदींवरही चलनं निघाली. सुमारे ७७ हजार चलनं, ७७ लाख डॉलर. एक दशांश सेकंदाचे.

---

पिवळा_दिवा

बरोबर, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी पिवळा आणि सर्व-लाल दुरुस्त करा, सहा महिने मोजा, मग उरलेल्यांसाठी कॅमेरा. पिवळा सुधारल्यावर लाल तोडणाऱ्यांतले 'अर्ध्या सेकंदाने चुकलेले' गळतात आणि लाल लागून तीन-चार सेकंद झाल्यावर घुसणारे उरतात. आडव्या धडका करणारे हेच. कॅमेरा यांच्यासाठी आहे.

---

खांबावरून

बसवण्याच्या बाजूने लिहितो, कारण वरच्या हिशोबाची वाट बऱ्याचदा खांबावरच लागते.

सिग्नल-कॅमेऱ्याला तीन गोष्टी एकत्र कळाव्या लागतात: दिवा लाल आहे, गाडी रेषेच्या अलीकडे होती, गाडी रेषेच्या पलीकडे गेली. म्हणून पुराव्यात किमान दोन फोटो हवेत. एक रेषेआधीचा, लाल दिवा चौकटीत दिसणारा. दुसरा चौकात शिरल्यानंतरचा. नंबरप्लेटचा जवळचा फोटो वेगळा. नुसता चौकात उभ्या गाडीचा एकच फोटो असेल तर ती हिरव्यात शिरून कोंडीत अडकलेली असू शकते.

लाल लागल्याची खबर दोन प्रकारे घेतात. सिग्नलच्या कंट्रोलरमधून वायर काढून, नाहीतर कॅमेऱ्यानेच दिव्याचा रंग ओळखून. दुसरी पद्धत स्वस्त, आणि मावळतीचं ऊन दिव्यावर पडलं की गंडते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या सिग्नलवर संध्याकाळी याचा त्रास ठरलेला. कंट्रोलरची वायर कधीही बरी.

आता सगळ्यात सामान्य घोळ. व्हिडिओवर चालणाऱ्या यंत्रात थांबरेषा सॉफ्टवेअरमध्ये आखलेली असते, रस्त्यावरची रेघ ते वाचत नसतं. पावसाळ्यानंतर डांबरीकरण होतं, रंगारी नवीन थर्मोप्लास्टिक पट्टा मारतो, तो जुन्यापेक्षा दीड मीटर पुढे. पडद्यावरची रेघ जुन्या जागी. लोक नव्या रेषेवर शहाण्यासारखे थांबतात आणि चलन येतं. खांब वाऱ्याने किंवा टेम्पोच्या धक्क्याने अंशभर फिरला तरी तेच. डांबरीकरण झालं की रेघ पुन्हा जुळवणं हे देखभालीच्या करारात लिहून घ्यावं लागतं. लिहिलं नसेल तर कुणी करत नाही.

वेगाच्या रडारबद्दल. २४ गिगाहर्ट्‌झच्या रडारला ताशी दर किमीमागे सुमारे ४५ हर्ट्‌झचा फरक मिळतो, त्यावरून वेग. रडार रस्त्याला तिरका असतो म्हणून वाचन कोनाच्या कोसाइनने कमी येतं आणि यंत्र ते भरून काढतं. २२ अंशांसाठी जुळवलेला रडार फिरून २० अंशांवर आला तर ताशी ६० ला पाऊण-एक किमी जास्त दाखवेल. फार नाही, पण मर्यादेच्या काठावर चलन काढायचं असेल तर तेवढं पुरतं. वळणावर मात्र रडार बसवूच नये. तिथे कोन प्रत्येक मीटरला बदलतो.

सरासरी वेगात कोन नाही, घड्याळ आहे. दोन खांबांच्या घड्याळांत १ सेकंदाचा फरक पडला तर २ किमीच्या टप्प्यावर ताशी ६० ला अर्ध्या किमीची चूक होते. टप्पा ५०० मीटरचाच असेल तर ताशी २ किमीची. म्हणून शहरात छोटे टप्पे करणार असाल तर दोन्ही खांबांना जीपीएसवरून वेळ द्या.

---

रिकामी_पाटी

नंबरप्लेटचंही लिहा की. ४१४१ चं 'दादा', ८०५५ चं 'बॉस', २१४ चं 'राम'.

---

खांबावरून

हो, आपल्याकडच्या यंत्राला नंबर वाचण्याआधी भक्तिभाव शिकवावा लागेल. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटीवर अक्षरांचा ठसा, उंची आणि परावर्तन ठरलेलं असल्याने इन्फ्रारेड उजेडात ती सहज उठते. शटर १/१००० सेकंद ठेवला तर ताशी ५० ला गाडी दीड सेंटिमीटरच सरकते. १/२५० ठेवला तर साडेपाच, मग ३ आणि ८ एकच. रात्रीचे चुकीच्या गाडीवर गेलेले दंड बहुतेक इथले असतात. दुचाकीची पुढची पाटी तिरकी, मागची चिखलात, म्हणून दुचाकीसाठी कॅमेरा मागून हवा. बऱ्याच चौकांत तो फक्त पुढून आहे. आपल्या शहरांत दुचाकीच जास्त, म्हणजे ज्यांच्यासाठी लावला ते निसटतात.

---

कलम_१३६

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तिचाही धडकांशी संबंध आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६ अ (रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम) आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७ अ आला. त्यात १० लाखांवर वस्तीच्या शहरांतले महत्त्वाचे चौक आणि यादीतली १३२ शहरं धरली आहेत. त्यांत महाराष्ट्राची १९, सर्व राज्यांत जास्त. नियम सांगतो ते असं:

यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं, आणि ते दरवर्षी नवं करायचं. कॅमेरा असलेल्या टप्प्याआधी ठळक फलक हवा. २०२१ च्या नियमाप्रमाणे नोटीस १५ दिवसांत जायला हवी, त्यात फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, जागा आणि कुठलं कलम मोडलं ते. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खाली.

वैधमापनाच्या नियमांत रडारवर आधारित वेगमापक आले ते १ जुलै २०२५ पासून. पेट्रोल पंप आणि तराजूप्रमाणे त्यांचीही पडताळणी करून मोहोर लागायची आहे.

फलकाबद्दल एक गैरसमज दूर करतो. 'आधी सांगितलं तर पकडणार काय?' असं विचारतात. पकडणं हा हेतूच नाही. फलक वाचून वेग उतरला की काम झालं.

---

गणित_मास्तर

फलक आणि ठळक खांबाची दुसरी बाजू आहे. चालक कॅमेऱ्यापाशी वेग उतरवतो आणि पुढे गेल्यावर वसूल करतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या २०१७ च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या कॅमेऱ्यांपासून ५०० मीटरच्या आत अपघात १७ ते ३९ टक्के कमी आणि मृत्यू ५८ ते ६८ टक्के कमी दिसले. पण दीड किलोमीटरच्या पुढे अपघात वाढल्याच्या खुणा होत्या. शहरात एकेकटा खांब उड्डाणपुलाच्या मधोमध ठोकण्यापेक्षा पुलाच्या दोन्ही टोकांना कॅमेरा लावून सरासरी वेग काढणं म्हणूनच शहाणपणाचं. मधे सुटायला गल्ली नाही, चहाला थांबायला टपरी नाही. सरासरी वेगासाठी याहून चांगली जागा शहरात मिळत नाही.

वेगावर एवढा भर का, तर सरासरी वेग ५ टक्के उतरला की प्राणघातक अपघात चौथ्या घाताने उतरतात. ०.९५ चा चौथा घात ०.८१. म्हणजे ताशी ६० चे ५७ झाले तर जवळपास १९ टक्के.

---

नवखा_पुणेकर

पुण्यात महामार्गावरच्या नवले पुलाजवळ वेगाचे कॅमेरे लावून उपयोग होईल का? तिथे तर सारखं काही ना काही होतं.

---

पिवळा_दिवा

तिथला प्रश्न दोन पदरी आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे लांब उतार आहे. अवजड गाडी डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकतात, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तळाशी पोचेपर्यंत ब्रेक धरेनासा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने डझनावारी गाड्या उडवल्या तेव्हा हीच जागा चर्चेत आली. ब्रेक गेलेल्या गाडीला कॅमेरा फोटोशिवाय काही करू शकत नाही.

पण उताराच्या वरच्या टोकाला अवजड गाडीचा वेग कमी असेल तर ती खालच्या गिअरमध्ये असते आणि ब्रेक तापतच नाहीत. म्हणून कॅमेरा लावायचा तो वर, उतार सुरू होताच, आणि दुसरा मध्यावर, सरासरी काढायला. तळाशी, जिथे अपघात होतात तिथे, लावला तर फक्त हलक्या गाड्यांची चलनं निघतील. अपघाताच्या जागी कॅमेरा लावायचा ही सवय इथे उपयोगाची नाही.

---

चाकोरीबाहेर

मान्य. पण सिग्नल-कॅमेऱ्यांवर एवढा खर्च कशाला, हे अजून पटलं नाही. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू आहेत. त्यांतले लाल दिवा तोडल्याच्या खात्यावर जेमतेम एक टक्का, अतिवेगाच्या खात्यावर ७० च्या वर.

---

गणित_मास्तर

आकडे बरोबर, पण 'अतिवेग' हा रकाना पंचनाम्यात दुसरं काही सुचलं नाही की भरला जातो. सिग्नल तोडून भरधाव आलेला कुठल्या रकान्यात जाईल? तरीही दिशा तुम्ही म्हणता तीच: पैसे मोजके असतील तर आधी वेग.

---

टिकटिक

सेकंद मोजणारे आकडे लावले आहेत त्या सिग्नलवर सगळी गणितं बिघडतात ना? ५-४-३ दिसलं की मागचा वेग वाढवतो, आणि आडव्या बाजूचा २-१ वरच निघतो.

---

पिवळा_दिवा

बिघडतात. तिथे पिवळ्यात कोण कुठल्या वेगाने येतो हे धरलेल्या ५० वर राहत नाही. लालचा आकडा इंजिन बंद ठेवायला उपयोगी, तो शेवटच्या ५ सेकंदांना विझवावा. हिरव्याचा आकडा काढूनच टाकावा. वाहतूक बघून वेळ बदलणारे सिग्नल असतील तर हिरव्याचा आकडा तसाही खोटा ठरतो.

---

नवखा_पुणेकर

आपल्या चौकातला पिवळा किती सेकंदांचा आहे आणि कॅमेरा लागल्यावर काय झालं, हे नागरिकाला कसं कळणार?

---

कलम_१३६

पिवळा मोबाइलवर मोजा. व्हिडिओ ६० फ्रेमचा घ्या, पिवळा लागल्यापासून विझेपर्यंत फ्रेम मोजा, ६० ने भागा. दहा फेऱ्या, वेगवेगळ्या वेळांना.

बाकीच्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. म्हणून दोन अर्ज करा. एक वाहतूक शाखेला: चौकाच्या सिग्नलची वेळपत्रिका (पिवळा आणि सर्व-लाल सेकंदांत), कॅमेरा सुरू झाल्याची तारीख, मान्यता प्रमाणपत्राची प्रत आणि मुदत. दुसरा अपघातांसाठी: त्या चौकाच्या १०० मीटर परिसरातले सुरू होण्याआधीचे ३६ आणि नंतरचे ३६ महिने, तारीख, धडकेचा प्रकार, वाहनं, इजेची पातळी. ई-डारमध्ये (सरकारची अपघात नोंदवण्याची संगणक प्रणाली) अक्षांश-रेखांशासह नोंद असते, त्यामुळे 'माहिती संकलित स्वरूपात नाही' हे उत्तर आलं तर अपील करा. नावं आणि गाडी क्रमांक मागू नका, तेवढ्यावरून अर्ज फेटाळतात.

---

गणित_मास्तर

आणि कॅमेरा नसलेल्या, तेवढ्याच वाहतुकीच्या तीन-चार चौकांचीही तीच माहिती मागा. ती नसेल तर माझं ०.२९ कुठून काढणार?